उपग्रहावरचे गुळणीसाहेब

आकाशाशी माझं तसं काही वाकडं नव्हतं. साठ वर्षं ते वर होतं, मी खाली होतो आणि दोघांनीही एकमेकांच्या कामात नाक खुपसलं नव्हतं. हे सगळं सुरू झालं ते वाचनालयातल्या पंख्यामुळे. घरचा पंखा बंद पडला होता, दुपार उकडत होती आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीत पंखा गरगरत होता. त्या पंख्याखाली कोणाचं तरी व्याख्यान आहे हे मला बसल्यावर कळलं, आणि तेव्हा उठून जाणं बरं दिसलं नसतं. श्रोते तीन. एक मी, एक ग्रंथपाल, आणि एक गृहस्थ भिंतीला टेकून झोपलेले. तेही पंख्यासाठीच आले असावेत.

व्याख्यान देणाऱ्या बाई गणित शिकवून निवृत्त झालेल्या. बोलताना अजून हात फळ्याकडे जायचा. त्या सांगत होत्या की हौशी रेडिओवाल्यांनी बिस्किटाच्या डब्याएवढे उपग्रह बनवून वर सोडले आहेत. हा डबा करतो काय, तर खालून एका लहरीवर जे ऐकू येईल ते त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर परत खाली सोडतो. बस्स. तेवढ्यावर हजारो मैलांवरची माणसं एकमेकांशी बोलतात. डबा क्षितिजावरून वर येतो, दहाएक मिनिटं डोक्यावरून जातो आणि पलीकडे मावळतो. "आणि संध्याकाळी तो डोक्यावर असताना," बाई म्हणाल्या, "कोणी ना कोणी ऐकतच असतं."

बाकीचं व्याख्यान मी ऐकलं नाही. ते एक वाक्य माझ्या कानात जाऊन बसलं ते उठेना.

आता कानांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. उभी नोकरी मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रारीच्या फोनवर काढली. दिवसभर माझ्या उजव्या कानात लोक ओरडायचे आणि मी "हो, समजलं, नोंद घेतली" म्हणायचो. घरी आलो की डाव्या कानाची पाळी. घरात मी आणि माझी थोरली बहीण, आमची ताई. लग्न ना तिने केलं ना मी. ती सकाळी डोळे उघडले की बोलायला लागायची, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं सुरू झालेलं असायचं. मग एकाच वर्षात मी निवृत्त झालो आणि ताई गेली. दोन्ही कान एकदम रिकामे झाले. फोन वाजतो तो आता कर्ज हवंय का विचारायला. मी नको म्हणतो, पण लगेच म्हणत नाही. आधी व्याजाचा दर विचारून घेतो.

हे कोणाला सांगायची माझी तयारी नव्हती. एकटा आहे म्हटलं की लोक मान तिरकी करून बघतात, आणि ती तिरकी मान मला सहन होत नाही. त्यात मला घरात बोलायची सवय. "हो, बंद केला गॅस", "अगं, दिसत नाही तर दिवा लाव की", असं काहीबाही तोंडातून जायचं. खालच्या मजल्यावर आवाज ऐकू जातो. तिथल्या वहिनी जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "कोणी आलंय वाटतं, भाऊजी?"

"हो, येतं-जातं कोणीतरी," मी म्हणायचो.

"बरं आहे बाई. घर भरलेलं असावं," म्हणून त्या पिशवी उचलून चालू लागायच्या. एकदा त्यांनी पहिल्या मजल्यावरच्यांना सांगितलेलं मी स्वतः ऐकलं, की भाऊजींकडे सारखा राबता असतो, आपण मध्ये जाऊन कशाला त्रास द्या.

तर मी बाईंकडे शिकायला जायला लागलो. हौशी रेडिओवाल्यांचा क्लब म्हणजे सायकलच्या दुकानामागची एक खोली. तिथे तारा, जुने संच आणि एक स्टूल होतं. माझं ध्येय फार मोठं नव्हतं. परवाना मिळाला की आपल्याला एक सांकेतिक नाव मिळतं, अक्षरं आणि आकडे मिळून. ते नाव आपण हवेत उच्चारायचं, आणि पलीकडच्या कोणीतरी ते आपल्याला परत म्हणून दाखवलं की भेट झाली, असं या मंडळींत मानतात. मला तेवढंच हवं होतं. कोणीतरी एकदा माझं नाव घ्यावं आणि त्याला मला काही विकायचं नसावं.

परीक्षा मी पास झालो. मोठेपणा नाही, पण विजेचा धक्का बसल्यास प्रथम काय करावे या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मिळाले. घोडं अडलं ते परवान्याच्या कचेरीत. खिडकीतल्या कारकुनाने माझा कागद उलटासुलटा करून पाहिला.

"हेतू काय?"

"बोलणं."

"कोणाशी?"

"जो असेल त्याच्याशी."

"जो असेल म्हणजे? नाव सांगा."

"नाव माहीत असतं तर फोन नसता का केला?"

कारकुनाने पेनाचं टोपण लावलं. मी इतकी वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला काढली आहेत. पेनाला टोपण लागलं म्हणजे काय होतं हे मला कोणी शिकवायला नको. शेवटी 'वैज्ञानिक जिज्ञासा' असा हेतू ठरला आणि पोलिसांची चौकशी होईल असं सांगून त्याने मला वाटेला लावलं.

चौकशीला आलेला पोलीस सभ्य होता. बूट बाहेर काढले, पाणी प्यायला. मग म्हणाला, "तुमच्याकडे बरीच माणसं येतात म्हणे?"

"माझ्याकडे? कोण म्हणालं?"

"खाली विचारलं ना. सकाळ-संध्याकाळ बोलण्याचे आवाज असतात, पण जाता-येता कोणी दिसत नाही असं म्हणाले. कोण असतं?"

तुम्हीच सांगा, इथे माणसाने काय करावं? खरं बोलावं तर अब्रू जाते, खोटं बोलावं तर परवाना. अशा वेळी मी नेहमी अब्रूच्या बाजूने असतो.

"मित्रमंडळी असतात," मी म्हणालो.

"नावं, पत्ते द्या सगळ्यांचे."

"हल्ली बाहेरगावी गेलेत."

"सगळे?"

"सगळे."

पोलिसाने खोलीभर नजर फिरवली. खुर्च्या दोन, त्यातली एक ताईची, तिच्यावर उशी तशीच. त्याने बराच वेळ त्या उशीकडे पाहिलं आणि लिहिलं, 'सर्व इसम बाहेरगावी.' या एका वाक्यापायी माझा परवाना दोन ऋतू अडकला. ते इसम परत येतात का हे बघायला पोलीस अधूनमधून येत राहिला, आणि खरं सांगायचं तर त्या काळात माझ्याकडे नियमाने येणारा तो एकच इसम होता. परवाना आला तेव्हा त्याचं येणं थांबलं, आणि मला थोडं वाईटच वाटलं.

आता अँटेना. बाईंनी सांगितलं की विकतची घेऊ नका, पाणी जायच्या प्लास्टिकच्या नळीवर मोजायच्या पोलादी टेपचे तुकडे आडवे बसवा, फार छान चालते. माझ्याकडे टेप नव्हता. म्हणून मी आमच्या सेक्रेटरींकडे मागितला. या गृहस्थांचा जीव जिन्याखालच्या सूचनाफलकावर. रोज एक तरी सूचना लावल्याशिवाय त्यांना झोप येत नसावी, म्हणून इमारतीत सगळे त्यांना फळेसाहेब म्हणतात.

"टेप कशाला हवाय?" फळेसाहेबांनी विचारलं.

"गच्चीवर जरा काम आहे."

एवढंच मी बोललो. संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं की मी गच्चीची मापं घेतोय, आणि तिथे चोरून एक खोली चढवायचा माझा बेत आहे. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर घरी येऊन सांगून गेले की खोली बांधायची तर पाण्याच्या टाकीच्या बाजूला बांधू नका, ओल येते. मी म्हटलं, खोली नाही, अँटेना आहे. ते म्हणाले, कळलं, कळलं, कागदोपत्री अँटेनाच दाखवा. दोन दिवसांनी फळेसाहेब टेप मागायला आले तेव्हा त्याचे तुकडे होऊन ते नळीवर चढले होते. त्यांनी त्या सांगाड्याचं एक टोक वाकवून पाहिलं.

"हा परत गुंडाळला जाईल का?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली, 'सभासदांनी एकमेकांस मोजमापाची साधने देऊ नयेत.'

क्लबचा एक जुना संच मला मिळाला. बोलायचं त्यावरून आणि ऐकायचं लॅपटॉपवरून, कानाला हेडफोन लावून. पहिल्यांदा गच्चीवर जायच्या आदल्या दिवशी बाईंनी मला स्टुलावर बसवून सगळं समजावलं. त्या सांगत होत्या, मी मान हलवत होतो आणि "हो, समजलं, नोंद घेतली" म्हणत होतो. ही माझी धंद्याची सवय. हे शब्द मी म्हणायला लागलो की कान आपोआप बंद होतात. इतकी वर्षं त्याच जोरावर मी शुद्धीवर राहिलो. बाईंनी त्या दिवशी काहीतरी फार महत्त्वाचं सांगितलं, कारण ते त्यांनी दोनदा सांगितलं, आणि मी दोन्ही वेळा नोंद घेतली.

पहिले काही दिवस नुसती खरखर. एका हातात अँटेना, दुसऱ्या हातात माइक, लॅपटॉप टाकीच्या कठड्यावर, आणि मी न दिसणाऱ्या डब्याच्या मागे अँटेना फिरवत गच्चीवर हळूहळू गोल वळतो आहे, असं ते दृश्य. समोरच्या इमारतीतले लोक खिडकीत येऊन उभे राहायचे. मी सांकेतिक नाव सांगायचो आणि विचारायचो, "कोणी ऐकतंय का?" कोणी ऐकत नव्हतं. डबा मावळायचा. मी नळी खांद्यावर टाकून जिना उतरायचो आणि जिन्यात कोणी भेटलंच तर शीळ घालायचो.

मग एका संध्याकाळी लॅपटॉपवर मी काहीतरी दाबलं. काय ते अजून माहीत नाही. नाव सांगितलं, विचारलं, "कोणी ऐकतंय का?" आणि क्षणभराने हेडफोनमध्ये आवाज आला.

माणसाचा आवाज. शब्द कळत नव्हते. कोणीतरी तोंडात पाणी घेऊन गुळण्या करता करता बोलावं तसं ते बोलणं होतं. पण तो खरखरीचा आवाज नव्हता, बोलणंच होतं, आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखा सूर वर गेला होता.

"कोण?" मी ओरडलो.

"ग्वॉ?" तिकडून आलं.

"मला तुमचं नीट ऐकू येत नाही!"

त्यालाही माझं नीट ऐकू येत नसावं, कारण तोही तेवढंच लांब आणि तितकंच कळवळून काहीतरी बोलला. परका देश असेल, परकी भाषा असेल. मी ठरवलं की आपण आपल्या भाषेत बोलावं, त्याने त्याच्या. त्याला मी नाव ठेवलं गुळणीसाहेब.

माणूस फार चांगला होता. आपणहून कधी बोलायला लागला नाही. मी आधी बोललो तरच बोलायचा, मी थोडं बोललो तर थोडं, मी खूप बोललो तर खूप. एकच खोड होती. माझं वाक्य संपायच्या आत त्याचं सुरू व्हायचं, आणि शेवटचा शब्द नेहमी त्याचा असायचा. पण त्याची मला सवय होती. उलट त्यानेच मला घरच्यासारखं वाटायचं. बोलता बोलता त्याचा आवाज जड होत जायचा. सुरुवातीला चिमणीसारखा बारीक, आणि डबा मावळायला आला की अगदी खोल, भरून आल्यासारखा. ताई दवाखान्यात होती तेव्हाचं मी सांगितलं त्या दिवशी तर त्याला फारच भरून आलं होतं. अधूनमधून एखादा शब्द लख्ख ऐकू यायचा. एकदा मी म्हटलं, "आमची ताई," आणि तिकडून स्पष्ट आलं, "ताई." तो आपली भाषा शिकतोय हे बघून मला गलबलून आलं.

रोज संध्याकाळी मी त्याच्याशी बोलायला लागलो. पाणीपुरवठ्याच्या गमती सांगितल्या. ताईचं बोलणं सांगितलं. तिच्या चष्म्याची गोष्ट सांगायला घेतली, की एकदा तिचा चष्मा हरवला, मी चोरल्यासारखी ती माझ्यावर दोन दिवस रागावली, सगळं घर उलटं केलं आणि शेवटी चष्मा सापडला. इतकं झालं आणि डबा मावळला. उरलेलं उद्या, असं म्हणून मी खाली आलो. त्या काळात मी जिन्यात शीळ घालायचो ती खरी असायची.

माझं सुख इमारतीला बघवेना. वहिनींची कुंडीतली रोपं सुकली ती माझ्या लहरींनी. इंजिनिअरांचं डोकं दुखलं तेही माझ्यामुळे. फळेसाहेबांनी सभा बोलावली. विषय एकच, गच्चीवर चाललेला प्रकार. सगळे एकेक करून बोलले आणि शेवटी मी उभा राहिलो. आता इथे गप्प बसायला काय झालं होतं? पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"हा प्रकार नाही," मी म्हणालो. "मी रोज उपग्रहावरून एका परदेशी गृहस्थांशी बोलतो. आमचे घरोब्याचे संबंध आहेत."

मग फळेसाहेब म्हणाले, "आम्हालाही ऐकवा."

त्या संध्याकाळी सगळी इमारत गच्चीवर होती. खुर्च्या आणल्या होत्या. बाईंना मी मुद्दाम बोलावलं होतं, आपला विद्यार्थी कुठवर पोचला ते त्यांनीही बघावं म्हणून. लॅपटॉपला स्पीकर जोडला. डबा वर आला. मी नाव सांगितलं, आणि म्हटलं, "नमस्कार! आज तुम्हाला भेटायला सगळे आलेत!"

स्पीकरमधून बारीक आवाजात लांबलचक गुळणी आली. वहिनींनी "अगंबाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. इंजिनिअर उभे राहिले. फळेसाहेबांनी तर चक्क नमस्कार केला. माझ्या आयुष्यातला तो सर्वोच्च क्षण, आणि तो किती टिकला ते मी सांगत नाही.

बाईंच्या कपाळाला आठी पडली होती. "थांबा," त्या म्हणाल्या. "एक म्हणा आणि माइकचं बटण सोडा."

"एक."

"ग्यॅक," स्पीकर म्हणाला.

"आता दोन म्हणा."

"दोन."

बाई लॅपटॉपवर वाकल्या आणि त्यांनी माउसचं चाक थोडंसं फिरवलं. "आता बोला काहीतरी. लांब."

"काय बोलू? मला काही सुचत नाहीये," मी म्हणालो.

आणि एक क्षण गेला, आणि स्पीकरमधून सर्दी झालेल्या एका म्हाताऱ्या माणसाचा अगदी स्वच्छ आवाज आला, "काय बोलू? मला काही सुचत नाहीये."

"हे तुम्हीच आहात," बाई म्हणाल्या. "तुमचाच आवाज वर जाऊन परत येतोय. लॅपटॉपमुळे जरा उशिरा येतो. लहर नीट जुळली नाही की असा गुळण्या केल्यासारखा लागतो. अहो, मी दोनदा सांगितलं होतं, आधी आपला आवाज शोधा आणि जुळवून घ्या, मगच दुसऱ्याला हाक मारा. पण अभिनंदन! पहिली पायरी झाली की!"

त्यांना खरंच आनंद झाला होता. पण अभिनंदन घ्यायला मी तिथे नव्हतो. मी उभा होतो, एवढंच. लोक हसले असते तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही. खुर्च्या उचलून सगळे एकेक करून जिना उतरले, आणि जाताना प्रत्येकाने माझ्याकडे पाहिलं, मान तिरकी करून. फळेसाहेब तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "टेपचं मनावर घेऊ नका."

मी अँटेना माळ्यावर टाकली. लाज वाटली हे खरं, पण लाजेचं मला एवढं काही नाही, इतकी वर्षं सरकारी नोकरी केली आहे. मला दुःख झालं ते गुळणीसाहेबांचं. मला वाटत होतं तिकडे एक माणूस आहे आणि त्याला ताई माहीत झाली आहे. तसा माणूस नव्हताच. संध्याकाळ झाली की पाय जिन्याकडे वळायचे आणि मी ते परत आणून खुर्चीत बसवायचो. घरात बोलणंही बंद झालं. तोंड उघडलं की वाटायचं, आता माझंच बोलणं परत येईल.

चार-पाच दिवसांनी वहिनी दारात आल्या. "भाऊजी, आवाज नाही तुमच्याकडून काही. पाहुणे गेले वाटतं सगळे?"

काय बाई आहे बघा. तिच्या डोळ्यांसमोर सगळं झालं होतं, तरी घरातल्या पाहुण्यांवरचा तिचा विश्वास अढळ होता. की माझ्यासाठी तो तसाच ठेवला होता, कोण जाणे.

"हो, गेले," मी म्हणालो आणि दार लावून घेतलं.

क्लबच्या बाईंचा मात्र फोनवर फोन. परवाना मिळवायला एवढा जीव काढलात आणि आता अँटेना माळ्यावर? एकदा, फक्त एकदा, मी सांगते तसं करा. आपला आवाज जुळवा. मग नाव सांगा, आणि गप्प बसा. "तुम्हाला बोलता येतं हो," त्या म्हणाल्या, "तुम्हाला थांबता येत नाही. हाक मारायची आणि कान द्यायचा." या वेळी मी नोंद घेतली म्हणालो नाही. ऐकलं.

तर परत गच्ची. दोरीवरचे कपडे काढायला वहिनी आल्या होत्या. मला बघून त्यांनी पाठ केली. बघितलं नाही असं दाखवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. डबा वर आला. मी "एक, दोन" म्हटलं आणि चाक फिरवत गेलो. चिमणी, मग गुळणी, मग हळूहळू मी. मग मी हेडफोनची वायर काढून टाकली. आता लपवायचं काय राहिलं होतं? स्पीकरच लावला. सांकेतिक नाव सांगितलं. बटण सोडलं. आणि गप्प बसलो.

खरखर. डबा चढत होता. मी अँटेना वळवत होतो आणि दात आवळून गप्प होतो.

"काका?" स्पीकर म्हणाला.

मी काही बोललो नव्हतो. मग त्या आवाजाने माझं सांकेतिक नाव घेतलं. पहिलं अक्षर, दुसरं, आकडा, सगळं, एकही चूक नाही.

"अहो काका, मोकळे झालात का एकदाचे? मी डोंगरावरच्या हवामान केंद्रातून बोलतोय. रोज ऐकतो तुम्हाला. किती दिवस म्हणतोय बोलावं, पण तुमचं कोणाशी तरी चालू असायचं. चालू बोलण्यात तोंड घालू नये असा आपल्यात रिवाज आहे ना. पलीकडचे गृहस्थ काही मला ऐकू यायचे नाहीत, फक्त तुम्हीच. म्हटलं, घरोब्याचे दिसतात. आज नाहीत का ते?"

माइक माझ्या हातात होता. आणि माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. 'बाहेरगावी गेलेत.' ते पोलिसाला चाललं होतं, वहिनींना चाललं होतं, या डोंगरावरच्या माणसालाही चाललं असतं. दोरीपाशी वहिनी एकाच टॉवेलची घडी पुन्हा पुन्हा घालत होत्या.

"कोणी नव्हतं हो," मी म्हणालो. "माझाच आवाज मला परत यायचा. मी एकटाच असतो."

बटण सोडलं. माझं वाक्य क्षणभराने मला परत ऐकू आलं, पण ते मी ऐकलं नाही. त्याच्या पुढचं ऐकायला थांबलो होतो.

"मी पण," डोंगरावरचा म्हणाला. "इथे वाऱ्याशिवाय कोणी नाही. संध्याकाळचं जेवण मी तुमचं ऐकत करतो. पण काका, तुम्ही लोकांना असं लटकत ठेवू नका. ताईंच्या चष्म्याचं काय झालं? शेवटी चष्मा सापडला म्हणालात आणि उपग्रह बुडाला! कुठे सापडला?"

डबा पलीकडे उतरायला लागला होता. खरखर वाढत होती. मी अँटेना समोरच्या इमारतीच्या कडेला धरली, चवड्यांवर उभा राहिलो आणि ओरडलो, "माझ्या नाकावर! आमच्या दोघांचे चष्मे सारखेच होते. माझा उशीखाली राहिला होता आणि दोन दिवस मी तिचा घालून फिरत होतो. सगळ्यांना सांगत होतो की माझी नजर सुधारली!"

बटण सोडलं. आधी माझंच वाक्य परत आलं, 'सुधारली'पर्यंत, आणि थांबलं. त्यानंतर नुसती खरखर. गेला, मी म्हटलं मनात.

आणि त्या खरखरीच्या खालून हसण्याचा आवाज आला. लांबून, बारीक, विझत चाललेला, पण हसणंच. माझा आता कशावर म्हणून विश्वास राहिलेला नाही, त्यामुळे मी आधी स्वतःचं तोंड हाताने चाचपून बघितलं. ते बंद होतं. मग वळून वहिनींकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण दातांत त्यांनी कपड्यांचा चिमटा धरला होता. आणि तरीही हसण्याचा आवाज येत होता.